विहीणबाईंचं फ्रेंच

जळगाव जामोदला बाजाराच्या मागच्या गल्लीत गोजरबाईची गिरणी आहे. पिठाची एक चक्की, मिरची-हळदीचं एक कांडप आणि पुढे दगडी ओटा. चक्कीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे बाईचा आवाज चढाच. ती कोणाच्या कानात काही सांगू लागली तरी समोर खुर्शीदाच्या बांगड्यांच्या दुकानात ते ऐकू जातं. त्यामुळे गोजरबाईची कुठलीच गोष्ट गल्लीत लपली नाही, आणि लपवावी असं तिलाही वाटलं नाही.

पहिल्यापासून मात्र ती अशी नव्हती. तिचं माहेर दुसरबीडचं, जिल्ह्याच्या पार खालच्या अंगाला. तिथली बोली जालन्याकडे झुकणारी. नवी नवरी म्हणून इथं आली आणि पहिल्याच दिवशी "मला पाणी द्या" म्हणाली, तेव्हा सासरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. इकडे सगळे "मले" म्हणतात. "बाप्पा, मॅडम आली आपल्या घरी," कोणीतरी म्हणालं. सोळा वर्षांच्या पोरीने त्या दिवशी जे तोंड मिटलं ते कित्येक महिने उघडलंच नाही. विहिरीवर, चुलीपाशी, वावरात ती नुसतं ऐकत राहिली. जेव्हा बोलू लागली तेव्हा असं ठसठशीत वऱ्हाडी बोलली की सासूलाही माहेर कुठलं ते विसरायला झालं. पण ते मुके महिने तिने कोणाला माफ केले नाहीत.

नवरा नारायणराव भला माणूस होता. मारलं नाही, टाकून बोलला नाही. तसं पाहिलं तर बोललाच नाही. जेवता जेवता "मीठ बराबर हाय" एवढं तो म्हणे, आणि तेवढ्यावर गोजरबाईने संसार केला. पोरगा गोविंदा शाळेत असतानाच कावीळ होऊन नारायणराव गेला. त्याचे थोरले भाऊ महादेवराव म्हणाले, गिरणी विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही ते. गोजरबाईने दुसऱ्या आठवड्यात स्वतः चक्कीचा पट्टा चढवला आणि दळणाचे डबे ओळीने लावले.

गोविंदा आयटीआयला वेल्डिंग शिकला, पुण्याला कारखान्यात लागला आणि तिथून कॅनडात क्युबेक म्हणून एक मुलूख आहे, तिथं गेला. तिकडे सगळा कारभार फ्रेंचमध्ये. तिथंच त्याने सिल्व्ही नावाच्या मुलीशी लग्न केलं. गोजरबाईने ते लग्न खुर्शीदाच्या दुकानात बसून फोनवर पाहिलं आणि फोनवरच अक्षता टाकल्या. तांदूळ सगळे बांगड्यांच्या पेटीत पडले.

मग नात झाली. तिचं तिकडचं नाव काहीही असो, आजीने तिला छकुली म्हटलं. छकुली बोलू लागली आणि गोजरबाईच्या लक्षात आलं की पोरीचं आपल्याला काही कळत नाही आणि आपलं पोरीला काही कळत नाही.

"तिले मराठी शिकव ना बे," ती गोविंदाला म्हणाली.

"शिकवतो आई, पण दिवसभर घरी मी नसतो ना. तिचा आजा तिले सांभायते."

तो आजा म्हणजे सिल्व्हीचे वडील. नाव झील. जंगलातून लाकडाचे ओंडके वाहणारा मोठा ट्रक त्यांनी जन्मभर चालवला होता. बायको वारलेली. लेक-जावई कामाला गेले की हा माणूस नातीला धरून बसे. गोजरबाई सांजेला गिरणी आवरता आवरता फोन लावी तेव्हा तिकडे सकाळ असे, आणि फोन उचलत हेच दोघं. एक तीन वर्षांची पोर आणि एक लालबुंद म्हातारा.

"तिले मराठी येत नाई तं मी तिची बोली शिकतो," गोजरबाईने खुर्शीदाला सांगितलं.

खुर्शीदा हसली. "या अल्ला! साठीले आली तू गोजर. इंग्रजीची एबीसीडी येत नाई तुले."

"म्हणूनच. मधात इंग्रजीची कटकट नाई."

फोनवर धडे मिळत. एक गोरी बाई एकेक शब्द म्हणून दाखवी, गोजरबाई चक्कीसमोर उभी राहून तो परत म्हणे. चक्कीच्या आवाजावर मात करायची म्हणून ओरडूनच म्हणे. "बोंझूर!" "मेर्सी!" दळणवाल्या बाया आधी दचकल्या, मग त्याही म्हणू लागल्या. बाकीचं तिला छकुलीने शिकवलं. त्यामुळे गोजरबाईचं फ्रेंच तीन वर्षांच्या पोरीचं होतं. दूध, मांजर, बर्फ, मला पाहिजे, मला नको. व्याकरण नावाला नव्हतं. फ्रेंचमध्ये प्रत्येक वस्तू एक तर बाई असते नाहीतर बुवा. गोजरबाईने ती भानगडच ठेवली नाही. तिने सगळ्या जगाला बाई करून टाकलं.

वैशाखातल्या एका रविवारची गोष्ट. सातपुड्याकडून गरम वाफा येत होत्या, पंखाही गरम वारा फेकत होता. फोनवर तिकडचं सगळं घर होतं. पदराने वारा घेत गोजरबाईने आपल्याजवळचे शब्द जुळवले आणि मला फार गरम होतंय हे सांगायला ठणकावून म्हणाली, "झ स्वी शोद!"

तिकडे सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग सिल्व्हीने तोंडावर हात धरला. गोविंदा कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, असं नाई म्हणत. गरम होते हे सांगाले दुसरं वाक्य आहे."

"मग म्या काय म्हटलं?"

"राहू दे ना."

"सांग म्हटलं ना."

"एक अर्थ होते की मले दारू चढली."

"अन् दुसरा?"

"दुसरा सांगण्यासारखा नाई, आई," असं म्हणून गोविंदाने फोनच ठेवला.

दुसरी कोणी असती तर तिने त्या दिवसापासून फ्रेंचला रामराम केला असता. गोजरबाईही त्या रात्री पडल्या पडल्या तापली. पण तापली ती लाजेने नाही. तिला सासरचं ते पाणी मागणं आठवलं, पदर तोंडाला लावलेल्या बाया आठवल्या. एकदा हसण्याला भिऊन मी तोंड मिटलं होतं. आता कोणाच्या बापाला भिणार नाही, असं तिने ठरवलं. दुसरा अर्थ काय असेल हेही तिला चांगलंच कळलं होतं. ती काही कुकुलं बाळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन झील यांनी उचलला. कालचं आठवून ते कानापर्यंत लाल झाले होते. त्यांनी चाचरत हळूच विचारलं, काल तुम्ही जे म्हणालात, त्यातला कोणता अर्थ होता? गोजरबाईने दोन बोटं वर केली.

"ले दू," ती म्हणाली. दोन्ही.

म्हातारा खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. हसता हसता त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. छकुली त्याच्या मांडीवर उड्या मारत "ले दू, ले दू" ओरडू लागली. आणि गोजरबाईला पहिल्यांदा असं वाटलं की आपण बोललो आणि समोरचा पुरुष त्या बोलण्याने हलला.

तिथून रोजचंच सुरू झालं. तिचे शब्द मोजके, पण ती ते असे फेकी की जणू हजार पोती मागे भरून ठेवलीत. ते दाढी करून आले की ती गालावरून बोट फिरवून "त्रे बो" म्हणे, फार देखणे. त्यांनी केस कापले की विचारी, कोणासाठी? तिकडे बर्फ पडला की म्हणे, इकडे ये, इकडे ऊन आहे आणि मी आहे. शब्द अडला की हात, भुवया, पदर जे हाताशी लागेल ते वापरी. थांबत मात्र नसे. आणि त्यांना ती हाक मारी "मा बेल". म्हणजे माझी सुंदरी. पुरुषाला असं म्हणत नाहीत. सिल्व्हीने समजावून पाहिलं, गोविंदाने समजावून पाहिलं.

"काऊन?" गोजरबाई म्हणाली. "आपण विठोबाले माऊली म्हणतो, तो रागावते का?"

झील यांची तर काहीच तक्रार नव्हती. उभ्या जन्मात त्यांना कोणी सुंदर म्हटलं नव्हतं, सुंदरी तर दूरच राहिली.

"तुले लाज नाई वाटत?" खुर्शीदाने एकदा बांगड्या पुसता पुसता विचारलं. तिच्या विचारण्यात राग नव्हता, नवल होतं.

गोजरबाई म्हणाली, "खरं सांगू? मराठीत मले लाज आधी शिकवली अन् शब्द मंग. याच्यात शब्द आधी भेटले. लाज शिकवाले कोणी आलंच नाई."

पण ती शिकवायला गावात माणसं होतीच. दळणाच्या रांगेतल्या कोणीतरी गोजरबाई फोनवर बोलत असताना चोरून व्हिडिओ काढला. "मा बेल" म्हणताना ती मान वेळावते, तिकडून गोरा म्हातारा हाताने चुंबन फेकतो, दोघंही खळखळून हसतात, असा तो व्हिडिओ. रात्रीपर्यंत तो भाऊकीच्या ग्रुपवर गेला आणि सकाळी महादेवराव गिरणीच्या ओट्यावर हजर झाले.

महादेवराव म्हणजे भाऊकीतला शेवटचा शब्द. गोजरबाईचे ते भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. ज्यांच्यापुढे तिने जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आजही तिने तो घेतला. बाकी मात्र मागे सरली नाही.

"हे काय ऐकून राह्यलो मी?"

"काय ऐकलं दादा?"

"तुह्या वयाच्या बाया माळ ओढत बसतात."

"ओढो ना. माह्या हाताले पट्टा ओढाची सवय हाय."

"व्याह्यासोबत असं बोलतात? त्याले अरे-तुरे करते तू! भर गल्लीत!"

तेवढं एक खरं होतं. फ्रेंचमध्ये जवळच्या माणसाला "त्यू" म्हणतात, आणि छकुलीकडून शिकल्यामुळे गोजरबाईला तेवढंच येत होतं. गल्लीने ते "तू" ऐकलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "तुमच्या लग्नात बायांनी तुमच्या सासऱ्याले काय काय म्हटलं होतं? विहीण व्याह्याच्या धोतरात लपली म्हणून गाणं नव्हतं का? भर मांडवात? अन् तुम्ही नवरदेव, बाशिंग धरधरून हसले होते. सासूबाई सांगत."

"ते गाणं असते."

"हेही गाणंच हाय. मले चाल येत नाई, येवढंच."

रांगेतल्या बाया डब्यात तोंड घालून हसल्या. महादेवराव उठले. त्यांच्या नातीचं, पुष्पांजलीचं लग्न मार्गशीर्षात धरलं होतं. मुलाकडचे संग्रामपूरचे, मानपानाचे लोक. महादेवराव जाता जाता म्हणाले, "लग्नाले गोविंदा येणार, त्याचं लेकरू येणार, येऊ दे. तो म्हातारा आला तं त्याले लॉजवर उतरव. अन् तू मांडवात मांगं बस. तशीही तुही जागा मांगंच हाय." विधवा बाईने शुभकार्यात पुढे येऊ नये हे त्यांना नव्याने सांगायचं नव्हतं. पण त्यांनी ते सांगितलं, आणि रांगेतलं हसू थांबलं.

गोजरबाई त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मग रांगेकडे वळून म्हणाली, "ज्यानं व्हिडिओ काढला त्यानं नीट काढाचा व्हता. माहा आवाज फाटून राह्यला त्याच्यात. उद्या सांजेले फोन लावतो. ज्याले ऐकाचं त्यानं दळण घेऊन यावं."

आणि दुसऱ्या दिवशी तिने फोन चक्कीच्या तोंडाशी, सगळ्यांना दिसेल असा उभा केला. झील यांना पडद्यावर दहा-बारा बाया दिसल्या. त्यांनी घाबरून टोपी काढून नमस्कार केला.

मार्गशीर्षात मंडळी आली. शेगावहून गाडी करून आलेले चौघं ओट्यासमोर उतरले. गोजरबाईने आरतीचं ताट धरलं होतं. गोविंदा पाया पडला, सिल्व्ही पाया पडली, छकुलीने तर ताटातला पेढाच उचलला. आणि मग झील उतरले. फोनवर दिसत त्यापेक्षा बुटके आणि रुंद. डाव्या हाताचं एक बोट अर्धं, जंगलात कधी तुटलेलं. अंगात जाड लोकरी कोट, आणि वर मार्गशीर्षातलं जळगाव जामोदचं ऊन.

गोजरबाई "बोंझूर" म्हणायला गेली आणि नुसतंच ताट ओवाळू लागली.

इतके महिने जे तोंड पट्ट्यासारखं चाललं होतं ते चालेना. फोनमधला माणूस हातभर असतो, त्याला हवं तेव्हा बंद करता येतं. हा तर पुरता माणूस होता. त्याला घामाचा, प्रवासाचा वास होता. तोही तिच्याकडे न बघता ताटातल्या निरांजनाकडे बघत होता. गल्लीतल्या गच्च्यांवर माणसं उभी होती. त्यांना जे बघायचं होतं ते काहीच घडलं नाही. विहिणीने व्याह्याला ओवाळलं, व्याही आत गेला, संपलं.

दोन दिवस असंच चाललं. ती भाकरी वाढी, ते "मेर्सी" म्हणत. ती मान हलवी. गोविंदाला हायसं वाटलं. गोजरबाईला मात्र स्वतःचा राग आला होता. मागच्या अंगणात भांडी घासताना ती खुर्शीदाला म्हणाली, "हे तर पुन्हा तसंच झालं वं. पुन्हा मुकी झालो मी."

"मंग बोल ना."

"शब्दच येत नाई."

"तुले आधी तरी कुठी येत होते?" खुर्शीदा म्हणाली. "चार शब्दांवर तू येवढा दंगा केला. ते चार कुठी गेले?"

संध्याकाळच्या जेवणात गोजरबाईने मिरचीचा ठेचा केला. झील यांनी तो भाजी समजून बोटाने भरभरून घेतला. क्षणभर काही झालं नाही. मग त्यांचं कपाळ लाल झालं, कान लाल झाले, डोळ्यातून नाकातून धारा लागल्या. सिल्व्ही पाण्याला धावली. म्हाताऱ्याने हाताने तिला थांबवलं, गोजरबाईकडे बघितलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा सरळ डोळ्यात बघून, तिच्याच चुकीच्या व्याकरणात, स्वतःला बाई करून म्हणाला, "झ स्वी शोद."

गोजरबाईच्या हातातली भाकरी तव्यावर उलटी पडली. ती हसली, आणि हसताना तिचे चारही शब्द परत आले. "केल सान्स?" तिने विचारलं. कोणता अर्थ?

गोविंदा ताट घेऊन उठून गेला.

लग्नाचा मांडव महादेवरावांच्या दारात पडला होता. गोजरबाई तिथं मागेच बसली. सवयीने बसली म्हणा, भांडणाचा दिवस नाही म्हणून बसली म्हणा. बाजूला तिच्यासारख्या आणखी बाया, पांढऱ्या कपाळाच्या, मोकळ्या हातांच्या. पुढे अक्षता पडल्या, पंगती बसल्या, बाया गाऊ लागल्या. महादेवरावांची म्हातारी बहीण जनकाबाई, वय नव्वदीला टेकलेलं, ती गाण्यांची राणी. तिने संग्रामपूरच्या विहिणीची यथेच्छ टवाळी केली. विहिणीनेही हसून परतफेड केली. सगळे व्याही, मामेव्याही, चुलतव्याही त्या गाण्यात न्हाऊन निघाले. एकटे झील पाटाच्या कडेला बसून, सगळे हसले की हसत होते. त्यांना कळत काही नव्हतं. त्यांचं नाव कोणी गाण्यात घेतलं नव्हतं, कारण महादेवरावांनी घेऊ नका म्हणून सांगितलं होतं.

गोजरबाईने ते पाहिलं. इतक्या लांबून आलेला व्याही, आणि त्याला शिवीसुद्धा नाही? आमच्याकडे मांडवात ज्याला शिवी नाही तो परका. तिला ते सहन झालं नाही.

ती उठली. शेजारच्या बाईने पदर ओढला, तिने तो सोडवून घेतला. वाढप्याच्या हातातून बुंदीचं घमेलं घेतलं आणि सगळ्या पंगतीच्या मधून चालत झील यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. गाणं आपोआप थांबलं.

"मा बेल," ती म्हणाली, गिरणीतल्या आवाजात, "त्यू मांज कॉम अँ वाझो!" पाखरासारखं खातोस तू! आणि त्यांच्या पानात तिने घमेल्यातली ओंजळ रिकामी केली. मग मांडवाकडे वळली आणि तिथल्या तिथं जुळवून, जनकाबाईच्या चालीवर, म्हणाली,

"बर्फातून आला व्याही, टोपरं घालून कानाले,
ठेच्याचं बोट चाटलं अन् पाणी आलं डोयाले,
मा बेल मा बेल म्हणते विहीण, लाज नाई का तिले?
लाज ठेवली उतरंडीवर, उंदरानं खाल्ली तिले!"

पहिली हसली ती जनकाबाई. दात नसलेल्या तोंडाने, पोट धरून. मग बायांचा सगळा घोळका फुटला. संग्रामपूरची विहीण टाळ्या पिटत म्हणाली, "हे तं आमच्यापेक्षा जबर निघाली वं!"

"गोजर!" महादेवरावांचा आवाज आला. "मांगं जाऊन बस."

"नाई दादा." तिच्या डोक्यावर पदर होता, आवाज खाली नव्हता. "नवरा गेला तवा मांगं बसलो. पोरगा शिकून आला तवा मांगं बसलो. पुष्पांजलीले हळद लागली, मी भिंतीआडून पाह्यली. हा माहा व्याही हाय. माह्या व्याह्याले गाणं म्हणाले मले कोणाची परवानगी लागत नाई. तुमची बी नाई."

महादेवराव पानावरून उठले. त्यांच्यासोबत भाऊकीतले आणखी काही जण उठले. बाकीचे बसून राहिले. कोणी खाली बघत होतं, कोणी बुंदीकडे. झील यांना शब्द कळले नव्हते, पण काय घडलं ते पूर्ण कळलं होतं. ते उभे राहिले. आपलं पान नव्हे, हात पुढे केला, आणि म्हणाले, "आंकोर." म्हणजे आणखी. वाढप्याला वाटलं बुंदी मागतात. गोजरबाईला वाटलं गाणं मागतात. तिने दोन्ही दिलं.

परत जायच्या आदल्या दिवशी सकाळी झील ओट्यावर बसले होते. चक्की अजून सुरू झाली नव्हती. त्यांनी हळू, एकेक शब्द वेगळा करून म्हटलं, "व्हियँ आव्हेक म्वा."

माझ्यासोबत चल. गोजरबाईला इतकं स्वच्छ फ्रेंच कधीच कळलं नव्हतं. एवढ्या वयात, एवढ्या उघड, कोणी तिला कुठे चल म्हटलं नव्हतं. लग्नात म्हटलं होतं ते बापाला, तिला नाही.

पण तिने चक्कीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, खुर्शीदा दुकानाचं शटर उचलत होती तिच्याकडे पाहिलं.

"नॉ," ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा पडायच्या आत, छातीवर हात मारून, "म्वा इसि. मा मुलँ इसि." मी इथं. माझी गिरणी इथं. आणि त्यांच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "त्यू व्हियँ."

तू ये.

खुर्शीदा शटर अर्ध्यावर धरून ऐकत होती. तिला वाटलं गोजर लेकरांबद्दल काही सांगते, मुलं मुलं करते. नंतर तिला कळलं की फ्रेंचमध्ये गिरणीला मुलँ म्हणतात. तेव्हा ती म्हणाली, "बराबरच हाय मंग."

झील पुढच्या हिवाळ्यात एकटे आले. तिकडे बर्फ पडायला लागला की निघायचं आणि होळीच्या आधी परतायचं, असा त्यांनी नेमच धरला. खुर्शीदाच्या दुकानावर माडी आहे, तिथं राहतात. सकाळी गिरणीत येऊन डबे उचलतात, पिठाने पांढरे होतात. लग्न करणार का, असं गोविंदाने आईला फोनवर घाबरत घाबरत विचारलं. गोजरबाई म्हणाली, "एकदा केलं व्हतं. आता बोलून पाह्यतो." महादेवराव तिच्या दारात येत नाहीत. भाऊकीतल्या दोन लग्नांच्या पत्रिका तिला आल्या नाहीत. दळण मात्र त्याच घरांमधून येतं, कारण तिच्यासारखं बारीक पीठ दुसरीकडे मिळत नाही. ती कोणाचं दळण परत पाठवत नाही आणि कोणाला पत्रिकेबद्दल विचारतही नाही. पुष्पांजली माहेरी आली की आजोबांना सांगून, त्यांच्या डोळ्यादेखत, गिरणीत जाऊन बसते.

यंदाच्या पौषात दोघं संग्रामपूरच्या बाजाराला निघाले होते. एसटी भरलेली. गोजरबाई खिडकीशी, झील शेजारी. मागे, पुढे, उभे, सगळे ओळखीचे चेहरे. सगळे कान लावून. तिच्या फ्रेंचला गाव आता सरावलं होतं, कळत नसल्यामुळे त्यात तितकी मजा उरली नव्हती.

आणि तेव्हा झील यांनी घसा साफ केला. गेला महिनाभर ते खुर्शीदाकडून काहीतरी घोकत होते, ते गोजरबाईला ठाऊक होतं, पण काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी अर्ध्या बोटाचा हात तिच्या हातावर ठेवला आणि मोडक्या, खडबडीत, पण साऱ्या एसटीला कळेल अशा वऱ्हाडीत म्हणाले, "गोजर... तुही डोया... लय... चांगला हाय बाप्पा."

डोळा त्यांनी एकच धरला होता, आणि तोही अर्धा बाई करून. कंडक्टरचा हात तिकिटावर थांबला. कोणीतरी खाकरलं. गोजरबाईच्या कानशिलापासून मानेपर्यंत लाली उतरत गेली. इतक्या वर्षांत तिला असं कधी झालं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत हे तिला तिच्या बोलीत कोणी म्हटलं नव्हतं. हात काढून घ्यावा असं क्षणभर तिच्या मनात आलं. तिने तो काढला नाही.

मान वळवून तिने मागच्या बाकांकडे एकदा नीट पाहिलं, मग झील यांच्याकडे.

"जोरात बोला," ती म्हणाली. "मांगच्यांले आयकू नाई आलं."

झील यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तेच वाक्य, तीच चूक तशीच ठेवून, पुन्हा म्हटलं.